ओट्यामागची खिडकी : किती बुजवायची आणि कुठून बुजवायची

घर तळमजल्याचं, स्वतंत्र, भिंती ९ इंची विटांच्या आणि भार घेणाऱ्या. स्वयंपाकघर ३ मीटर रुंद आणि ३.६ मीटर खोल. बाहेरच्या बाजूला एकच भिंत, ३ मीटरची, आणि तिच्यात मधोमध एक मोठी लाकडी खिडकी : रुंदी १.२ मीटर, उंची दीड मीटर. खालची कड जमिनीपासून ६०० मिलिमीटरवर, वरची २१०० वर. घर बांधलं तेव्हा या भिंतीला ओटा नव्हता, म्हणून खिडकी इतकी खाली उतरलेली चालत होती. आता नूतनीकरणात ओटा याच भिंतीला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न्यायचा होता.

ओट्याची उंची ठरली ८५० मिलिमीटर. म्हणजे खिडकीचा खालचा २५० मिलिमीटरचा पट्टा ओट्याच्या पाठीमागे गाडला जाणार. तिथे ना हात पोचतो ना फडकं. शिवाय झडपा आत उघडणाऱ्या, आणि सिंक नेमकं खिडकीखाली येणार असल्यामुळे नळाची मान झडपेच्या वाटेत. काहीतरी बदल करणं भागच होतं.

फर्निचरवाल्याने सरळ उपाय दिला : खिडकी पूर्ण बुजवा, अख्ख्या भिंतीला वर कपाटं घ्या, मध्ये चिमणी बसवा, कपाटांखाली दिव्यांची पट्टी लावा. घरमालकीण अर्ध्याहून जास्त पटल्या होत्या. त्यांची कारणं खोटी नव्हती. सामान ठेवायला जागा नव्हती, खिडकीच्या गजांवर तेलकट धूळ बसायची, आणि समोरच्या घरातून थेट आत दिसायचं. सासूबाईंनी फक्त एक प्रश्न विचारला, "दिवसाढवळ्या दिवा लावून स्वयंपाक करायचा का?" त्या प्रश्नावर बैठक थांबली आणि मग मला बोलावणं आलं.

मी गेले तेव्हा सगळ्यांची चर्चा "खिडकी ठेवायची की बुजवायची" यावर अडली होती. मला त्याआधीचा प्रश्न महत्त्वाचा वाटतो : खिडकीचा कुठला भाग काय काम करतो? खिडकीचा प्रत्येक वीतभर भाग सारख्याच किमतीचा नसतो. खालून ४५० मिलिमीटर बुजवली काय किंवा वरून ४५० बुजवली काय, क्षेत्रफळ तेवढंच जातं. उजेडाचा हिशोब मात्र पार वेगळा लागतो.

उजेड खोलीत किती आतवर जातो हे मुख्यतः खिडकीच्या माथ्यावर ठरतं. ढोबळ नियम असा की माथा जमिनीपासून जितका उंच, त्याच्या साधारण दुप्पट अंतरापर्यंत कामापुरता उजेड पोचतो. इथे माथा २.१ मीटरवर, म्हणजे चार मीटरच्या थोडं पुढे. खोली ३.६ मीटर खोल, त्यामुळे मागच्या भिंतीपर्यंत दिवसा दिवा लागत नव्हता. वरून ४५० बुजवले असते तर माथा १.६५ मीटरवर आला असता आणि उजेडाची मजल ३.३ मीटरवर संपली असती. म्हणजे नेमका मागचा पट्टा, जिथे फ्रीज आणि धान्याचे डबे ठेवायचे होते, तो अंधारात. खालच्या भागाचं उलट आहे. ओट्याच्या पातळीच्या खालून येणारा उजेड ओट्यावर थेट पडूच शकत नाही. तो जमिनीवर पडतो आणि तिथून परतून जेवढा वर येईल तेवढाच. म्हणजे खालचे ४५० काढले तर त्यातले २५० ओट्याच्या दृष्टीने आधीच निकामी होते.

क्षेत्रफळाचं म्हणाल तर मूळ खिडकी १.८ चौरस मीटर, जमीन १०.८ चौरस मीटर, म्हणजे सहास एक. खालून ४५० गेल्यावर उरली १.२६ चौरस मीटर, म्हणजे साधारण साडेआठास एक. अमेरिकेच्या निवासी बांधकाम संहितेत राहत्या खोलीला जमिनीच्या ८ टक्के काच आणि ४ टक्के उघडणारा भाग असावा असा ठोकताळा आहे, आपली १.२६ ही ११ टक्क्यांच्या वर जाते. उष्ण आणि दमट हवेत याहून जास्त ठेवावं, कारण तिथे खिडकी उजेडाइतकीच वाऱ्यासाठी असते. हा झाला आकडा. पण आकडा पुरा पडला म्हणून वरून बुजवायची मोकळीक मिळत नाही, हे मी त्यांना पुन्हा पुन्हा सांगितलं.

दुसरा मुद्दा हवेचा, आणि तो उजेडापेक्षा गंभीर. "चिमणी आहेच की" हे वाक्य प्रत्येक नूतनीकरणात ऐकू येतं. चिमणी हवा बाहेर फेकते, पण बाहेर फेकलेल्या हवेच्या जागी तेवढीच हवा कुठून तरी आत यावी लागते. घरगुती चिमणी ताशी १००० घनमीटरच्या आसपास हवा ओढणारी असते. ही खोली ३ मीटर उंच धरली तर आतली हवा ३२ घनमीटर. म्हणजे चिमणी पूर्ण वेगाने चालली तर सगळ्या खोलीची हवा दोन मिनिटांत बाहेर. खिडकी बंद, दार लावलेलं, तर चिमणी नुसतीच घोंघावते आणि धूर ओट्याभोवतीच फिरत राहतो. त्याहून वाईट म्हणजे ती हवा दुसऱ्या कुठल्या तरी फटीतून ओढून घेते. या घरात ती फट कुठे होती ते शेवटी येईलच.

धूर आणि वाफ गरम असतात म्हणून वर चढतात. खिडकीचा वरचा भाग त्यांची बाहेर पडायची वाट असतो. इथेही पुन्हा तेच : खालचा भाग सोडता येतो, वरचा नाही.

ठरलं असं. खिडकीची खालची कड ६०० वरून १०५० वर न्यायची. माथा जिथे आहे तिथेच. रुंदी तीच. झडपांऐवजी सरकत्या काचा, म्हणजे नळाचा प्रश्न मिटतो. वरच्या २५० मिलिमीटरमध्ये वेगळी उघडणारी आडवी झडप, म्हणजे पावसातही ती उघडी ठेवता येते, कारण वर छज्जा आहे. खालच्या पट्ट्याला दुधी काच, म्हणजे समोरच्या घराची नजर अडते. सिंक खिडकीखाली, शेगडी बाजूला. शेगडी खिडकीसमोर कधीही घेऊ नये. वाऱ्याने ज्योत हलते, विझली तर गॅस सुटत राहतो. कपाटं खिडकीच्या दोन्ही बाजूंना, आणि उरलेली मागच्या भिंतीला जमिनीपासून छतापर्यंत. घरमालकिणीने हिशोब केला तेव्हा पूर्ण बुजवण्याच्या आराखड्यापेक्षा साठवण थोडीच कमी भरली.

मधला एक पर्यायही चर्चेत आला होता : बाहेरून खिडकी तशीच ठेवायची आणि आतून बोर्ड मारून बंद करायची. स्वस्त, झटपट, आणि उद्या मन बदललं तर उघडता येते. जुन्या, जपायच्या इमारतींमध्ये हाच रस्ता योग्य असतो. पण काच आणि बोर्ड यांच्यामधल्या बंद पोकळीत स्वयंपाकघरातली वाफ शिरते, थंड काचेवर तिचं पाणी होतं आणि चौकटीचं लाकूड आतून कुजत जातं. बाहेरून महिनोन्महिने काही कळत नाही. बोर्ड गडद रंगाचा आणि काचेच्या अगदी जवळ असेल तर उन्हाने काचेचा मधला भाग तापतो, चौकटीत दडलेल्या कडा थंड राहतात आणि काच तडकते. हा पर्याय घ्यायचाच तर पोकळीला बाहेरच्या बाजूने बारीक हवाछिद्रं हवीत आणि आतला बोर्ड वाफ अडवणारा हवा. स्वयंपाकघरात मी तो सुचवत नाही.

खिडक्या बुजवणाऱ्यांची एक जुनी गोष्ट इथे आठवते. इंग्लंडमध्ये १६९६ ते १८५१ घराच्या खिडक्यांवर कर होता. तो चुकवायला लोकांनी खिडक्या विटांनी बुजवल्या, आणि तशा बंद खिडक्या तिथल्या जुन्या घरांवर आजही दिसतात. (सगळ्याच करामुळे नाहीत, कित्येक पहिल्यापासूनच दर्शनी भाग दोन्हीकडे सारखा दिसावा म्हणून आंधळ्या बांधलेल्या.) त्यातली चांगली कामं बघितली की एक गोष्ट ध्यानात येते. नवं विटकाम भिंतीच्या पातळीत आणलेलं नसतं, थोडं आत ठेवलेलं असतं. त्यामुळे खिडकीची चौकोनी रेघ टिकते आणि डोळ्यांना ठिगळ बोचत नाही. पूर्ण खिडकी बुजवायची वेळ आली तर बाहेरून एक-दोन इंच आत ठेवून बुजवणं हा मला आजही सर्वांत देखणा उपाय वाटतो.

आता प्रत्यक्ष काम.

खिडकी लहान करताना भिंत कमजोर होत नाही. भोकाच्या वरचा भार लिंटेल, म्हणजे भोकावरची आडवी तुळई, पेलत असतं. भोक लहान झालं तर त्याचं काम वाढत नाही. म्हणून लिंटेलला हात लावायचा नाही, ते काढायचं नाही, जिथे आहे तिथे राहू द्यायचं. धोका दोन ठिकाणी असतो. एक म्हणजे खिडकी बाजूला सरकवणं. लोकांना वाटतं इकडे बुजवली, तिकडे तेवढीच उघडली, हिशोब जुळला. पण तिकडच्या भोकाच्या वर लिंटेल नाही. ते आधी टाकावं लागतं आणि दोन्ही बाजूंना किमान १५० मिलिमीटर भिंतीत बसवावं लागतं. दुसरा धोका जुन्या घरांत : काही ठिकाणी लिंटेल नसतंच, वरच्या विटा लाकडी चौकटीवरच टेकलेल्या असतात. चौकट उपटली की वरचं विटकाम खाली सरकतं. म्हणून चौकट काढण्याआधी आम्ही वरच्या कोपऱ्यातला गिलावा हातभर फोडून पाहिला. आत आरसीसी लिंटेल होतं, कोपऱ्याच्या पलीकडे वीतभर गेलेलं. मग हातोडा लागला.

वजनाचंही बघावं लागतं. हे घर तळमजल्यावर, भिंतीखाली पाया, म्हणून चिंता नव्हती. पण हीच दीड मीटर उंच खिडकी वरच्या मजल्यावर ९ इंची विटेने पूर्ण बुजवली तर जवळजवळ ८०० किलोचा भार नव्याने येतो. खाली नीट तुळई असेल तर ठीक. बाहेर काढलेल्या स्लॅबवरची भिंत असेल तर इंजिनिअरला विचारल्याशिवाय एक वीटही ठेवू नये. हलक्या एएसी (सच्छिद्र काँक्रीटच्या) ब्लॉकमध्ये हाच भार २५० किलोच्या आसपास राहतो. आणि सामाइक इमारतीत बाहेरची भिंत एकट्याची नसते, परवानगी लेखी घ्यावी लागते.

खिडकी निघाल्यावर सिलचा, म्हणजे खिडकीच्या खालच्या कडेचा, जुना दगड समोर आला. गुळगुळीत, घासलेला, बाहेर दोन बोटं आलेला. मिस्त्रींचा बेत होता की दगड राहू द्यायचा आणि त्याच्यावरच पाच थर चढवायचे. "ताई, दगड पक्का बसलाय, उगाच कशाला उखडायचा?" मी तो काढायला लावला. गुळगुळीत दगडावर मसाला धरत नाही, त्यामुळे नवं विटकाम आणि जुनी भिंत यांच्यात कायमची एक आडवी फट राहते. शिवाय बाहेर आलेली दगडाची कड पावसाचं पाणी त्या फटीकडे नेते. छिन्नीने दगड उचलला तेव्हा खालचा मसाला हाताने खरवडता येत होता. काळपट, दमट, कुजट वासाचा. डाव्या कोपऱ्यातली वीट बोटाने दाबली तर तिची भुकटी पडली. खिडकीखालच्या भिंतीला आतून वर्षानुवर्षं पोपडे का धरायचे, याचं उत्तर तिथे सापडलं. रंगारी दर वेळी वरून लांबी (पुट्टी) भरून जात होते. दगडाला बाहेरच्या बाजूला उतार नव्हता आणि खालून पाणी तोडणारी खाचही नव्हती. तो ओला थर पूर्ण काढून, दोन विटा बदलून, भिंत वाळू दिली आणि मगच पुढे गेलो.

नवं विटकाम जुन्याला कसं बांधायचं यावर मिस्त्री आणि माझ्यात थोडी ताणाताण झाली. त्यांचं म्हणणं, दोन्ही बाजूंचा गिलावा टोचून घेतला की मसाला पकडतो. पकडतोही, पण वर्षभरच. नवा मसाला वाळताना आकसतो, जुनी भिंत आधीच आकसून स्थिरावलेली असते. दोघांच्या मधोमध उभी चीर पडणार हे ठरलेलं. म्हणून एकाआड एक थरात जुन्या भिंतीत दाते कापले, म्हणजे अर्धी वीट काढून खाच केली आणि नव्या थराची वीट त्या खाचेत आत घुसवली. जिथे दाते कापणं शक्य नसतं तिथे ड्रिल करून गंज न धरणाऱ्या पट्ट्या ठोकतात आणि त्या सांध्यांमध्ये पुरतात. मसाला मुद्दाम फार कडक केला नाही. नऊ इंची भिंतीला एकास सहा (एक भाग सिमेंट, सहा भाग वाळू) पुरतो. सिमेंट वाढवलं की आकसणंही वाढतं. विटा आधी भिजवून घेतल्या, नाहीतर त्या मसाल्यातलं पाणी पिऊन टाकतात. पाच थरांचं काम आणि वर दगड, मिळून ४५० झाले. पूर्ण खिडकी बुजवायची असती तर एका दिवसात दीड मीटरच्या वर चढवायचं नाही, आणि शेवटची फट, लिंटेलच्या खालची, काही दिवस तशीच सोडून मग कोरडट मसाल्याने ठासून भरायची. लगेच भरली तर खालचं काम बसतं आणि वर बोटभर सांधा मोकळा होतो.

गिलाव्याआधी दोन्ही बाजूंच्या उभ्या सांध्यांवर चिकन मेशची जाळी, सांध्याच्या दोन्हीकडे १५० मिलिमीटर जाईल अशी. सात दिवस पाणी.

सिलच्या दगडावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला, कारण खिडकी लहान केलेल्या घरांत गळती बहुतेक तिथूनच येते. दगड ग्रॅनाइटचा. बाहेरच्या बाजूला डोळ्यांना दिसेल इतका उतार. गिलाव्याच्या पुढे ५० मिलिमीटर आलेला. त्या पुढे आलेल्या भागाच्या खालच्या अंगाला बोटाच्या पेराएवढी रुंद खाच, दगडाच्या पूर्ण लांबीत कापलेली. वरून ओघळलेलं पाणी दगडाच्या कडेवरून वळून खालच्या अंगाने भिंतीकडे धावतं. खाचेपाशी त्याची वाट तुटते आणि ते थेंब होऊन खाली पडतं. दगडाची दोन्ही टोकं बाजूच्या भिंतीत थोडी आत घुसवली. चौकट बसल्यावर चौकट आणि भिंत यांच्यातली फट सिमेंटने न भरता लवचीक सीलंटने भरली, कारण ॲल्युमिनियम उन्हाने फुगतं आणि सिमेंट तितकं फुगत नाही. मग बादलीभर पाणी हळूहळू सिलवर ओतलं आणि खाली उभं राहून पाहिलं. थेंब भिंतीपासून सुटून पडत होते. हे पाहिल्याशिवाय टाइल लावायला घेऊ नये.

पावसाळा गेला. आतून भिंत कोरडी. सासूबाईंची दुपारची निवडटिपण आता नव्या ओट्याच्या बाजूला, खिडकीच्या उजेडात चालते. दोन गोष्टी मात्र राहिल्या. बाहेरच्या भिंतीवर नव्या गिलाव्याचा चौकोन रंगाखालूनही ओळखू येतो, कारण जुना गिलावा खरबरीत आणि नवा गुळगुळीत. पोत जुळवायचा तर ती पूर्ण भिंत टोकापासून टोकापर्यंत पुन्हा करावी लागली असती, आणि तो खर्च त्यांनी विचारपूर्वक टाळला. दुसरं, आत उजव्या सांध्यावर केसाएवढी एक रेघ आली आहे. जाळी टाइलच्या वरच्या कडेशी थांबली होती, तिथेच. ओल नाही, फक्त रेघ. ती अजून एक उन्हाळा जाऊन स्थिरावली की व्ही आकारात उघडून भरायची आहे. आत्ता भरली तर पुन्हा उघडेल.

काम संपत आलं तेव्हा घरमालकिणीने आणखी एक विचारलं. स्वयंपाकघराला लागून न्हाणीघर, त्याच्या भिंतीत उंचावर जाळीची छोटी खिडकी. थंडीत वारा येतो, तर ती बुजवून तिथे आरसा लावता येईल का? त्या न्हाणीघरात गॅसचा गीझर होता.

नाही म्हणाले, आणि का ते पूर्ण समजावून सांगितलं. गीझर पेटला की खोलीतला प्राणवायू खातो. हवा अपुरी पडली की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, ज्याला रंग नाही, वास नाही. आंघोळ करणाऱ्याला आधी डोकं जड वाटतं, मग पाय उचलत नाहीत, आणि तोवर कडी उघडायची ताकद गेलेली असते. जाळी बुजवली असती आणि स्वयंपाकघराची खिडकीही पहिल्या आराखड्याप्रमाणे बंद असती, तर चिमणीने आपली हवा न्हाणीघराच्या दाराखालच्या फटीतून ओढली असती, आणि गीझरचा धूर वर जाण्याऐवजी घरात आला असता. जाळी तशीच राहिली. गीझर पुढच्याच आठवड्यात न्हाणीघरातून काढून बाहेरच्या भिंतीवर, उघड्यावर, छज्जाखाली बसवला. गरम पाण्याची नळी तेवढी आत आली. आरसा समोरच्या भिंतीवर लागला.

त्यांच्या नणंदेने हे ऐकून आपल्या झोपायच्या खोलीची एकुलती एक खिडकी निम्मी करायचा बेत माझ्याकडे पाठवला आहे. तिथे मी पहिल्यांदा टेप घेऊन गजांमधला मोकळा भाग मोजणार आहे. इंग्लंडच्या नियमात आगीत बाहेर पडायच्या खिडकीला ०.३३ चौरस मीटर मोकळी जागा, कुठल्याही बाजूने ४५० मिलिमीटरहून कमी नाही, आणि खालची कड जमिनीपासून ११०० च्या वर नाही, अशी अट आहे. तिच्या आराखड्यात कड १५०० वर जाते आणि गज पक्के जोडलेले आहेत.